भोपळ्याचं धोंडस आणि सरसूचं झाकण

एका गावात एक बाई राहायची, पण एका जागी मात्र ती कधी राहायची नाही. नाव सरसू. गाव होतं डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, आणि त्या पट्टीत जेवढी जागा होती तेवढी सरसूच्या चुळबुळीला पुरत नसे.

कोंबडी अंड्यांवर बसवली की ही उठता-बसता तिला उचलून खाली डोकावायची. शेवटी शेवटी तर सरसूची चाहूल लागली की कोंबडी आपणहून उभी राहायची आणि बाजूला होऊन वाट बघायची, बघा बाई एकदाचं, अशा चेहऱ्याने. मेथी पेरली की दुसऱ्या दिवशी माती उकरून बघायची, कोंब फुटला का. दूध विरजलं की भांडं हलवून बघायची, लागलं का. त्यामुळे तिच्या घरी दही म्हणून कधी लागलं नाही. दुधाचं परस्पर ताक व्हायचं.

नवरा मात्र अगदी उलटा. धाकू त्याचं नाव. एकदा तो फणसाखाली टेकून बसला होता, तेव्हा एका चिमणीने त्याच्या खांद्यावर घरटं बांधलं आणि पिल्लं उडून गेल्यावरच तो उठला, असं गावात सांगतात. लोक वाढवून सांगतात हो. चिमणी नव्हती ती, साळुंकी होती.

तर या गावाची एक रीत होती. आश्विनात हळवं, म्हणजे लवकर येणारं, भात पिकून पिवळं झालं, तरी कुणी उठून एकदम शेतात विळा घालायचा नाही. आधी गावाचं धोंडस व्हायचं. धोंडस म्हणजे आपला घरगुती केकच म्हणा, फक्त भट्टीशिवायचा. लाल भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात तुपावर भाजलेला तांदळाचा रवा, ओलं खोबरं आणि वेलची घालायची, जाड बुडाच्या टोपाला आतून हळदीची पानं लावायची आणि त्यात ते ओतायचं. खाली निखारे, वर जड लोखंडी झाकण आणि झाकणावर पुन्हा निखारे. दोन्ही बाजूंनी मंद आच. मग वाट बघायची.

तांदूळ घरोघरून यायचा. कणगीच्या तळाशी उरलेला जुना तांदूळ, प्रत्येक घरातून एकेक मूठ. जुना संपवायचा आणि मग नव्याला हात लावायचा, असा त्यातला भाव.

धोंडस झालं की गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, आपला विळा घेऊन यायचा आणि सगळ्यांसमोर विळ्याचं पातं धोंडसात मधोमध खुपसायचा. पातं कोरं बाहेर आलं तर कापणी सुरू. पात्याला ओलं पीठ चिकटून आलं तर सगळ्यांचे विळे परत खुंटीला. आतून कच्चं धोंडस खाऊन शेतात गेलं तर भातही आतून पोकळ निघतं, असं जुनी माणसं सांगत. खरं-खोटं त्या भाताला माहीत. पण रीत मोडून बघायची कुणाची छाती नव्हती.

आणि धोंडस करायचं कुणी? तर ज्याच्या वेलाला त्या वर्षी गावातला सगळ्यात मोठा भोपळा धरेल त्याच्या घरी.

त्या वर्षी तो भोपळा धरला सरसूच्या छपरावर.

कसा धरला, हे कोडंच होतं. सरसू दिवसभर शिडी लावून वर चढायची आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायची. काही लोक म्हणाले, सारखं कुणी बघतंय म्हणून तो लाजून लाल झाला. काही म्हणाले, तिच्यापासून लांब पळायचं होतं, पण देठ सुटेना, म्हणून बिचारा चारी दिशांना वाढत गेला. काही का असेना, तो एवढा वाढला की छपराचा वासा कुरकुरायला लागला. त्याच्या सावलीत शेजारची म्हैस येऊन रवंथ करायची. खाली उतरवायला गावातले सगळे गडी लागले, आणि तो कापला तेव्हा असा आवाज झाला की खाडीपलीकडच्या बायकांनी मेघ गडगडला समजून वाळत घातलेले पापड आत नेले.

पापड आत नेले हे बरंच झालं म्हणा, कारण त्या वर्षी खरोखरीचे मेघही गडगडत होते. पाऊस जायला निघाला होता, पण जाता जाता वळून वळून बघत होता. दुपार कलली की खाडीच्या तोंडावर काळा ढग उभा राहायचा, गुरगुरायचा आणि निघून जायचा. भात तर पिकून वाकलं होतं. सगळ्यात सखल शेत सरसूचंच, खाडीच्या बांधाला लागून. तिथले दाणे झडायलाही लागले होते. वरून पोपटांचे थवे उतरायचे. एक जोराची सर आली असती तर अख्ख्या गावाचं भात चिखलात आडवं झालं असतं.

त्यामुळे त्या वर्षी एकटी सरसूच नाही, सगळं गावच बसल्या जागी हलत होतं.

धोंडसाच्या दिवशी उजाडताच घराघरातून तांदळाच्या मुठी आल्या. सरसूने रवा काढला, भाजला. अर्धा भोपळा किसला, अर्धा तसाच कोपऱ्यात राहिला, कारण अख्खा मावेल असा टोप त्या पंचक्रोशीत नव्हता. गूळ वितळला, सगळं एकजीव झालं, टोप भरला, झाकण बसलं, वर निखारे पसरले.

शेजारची आवडाकाकी मदतीला आली होती. तिने आपल्या आयुष्यात बरीच धोंडसं भाजली होती. पदराने घाम पुसत ती म्हणाली, "हे बघ सरसू, आता झाकणाला हात लावायचा नाही."

"नाही लावत. पण काकी, शिजलं हे कळायचं कसं?"

"शिजलं की ते आपणच हाक मारतं."

"हाक मारतं? कशी?"

"तू गप्प बसलीस तर ऐकू येईल," असं म्हणून काकी आपल्या गुरांना पाणी दाखवायला गेली.

सरसू चुलीसमोर बसली. मग उठली. ओटी झाडली. परत येऊन बसली. टोपाकडे बघितलं. टोपही तिच्याकडे बघत असावा असं तिला वाटलं.

"अहो," ती धाकूला म्हणाली, "हाक आली का हो?"

धाकू खांबाला टेकून सुपारी कातरत होता. "नाही."

"आली असेल. तुम्हाला ऐकू आली नसेल."

"असेल."

"आतून कच्चं राहिलं तर काय करायचं?"

"मग कच्चं राहील."

अशा माणसाशी बोलून जीव कसा निवेल, सांगा. सरसूने चिमट्याने निखारे बाजूला केले, झाकण एवढंसं उचललं आणि आत बघितलं. आतून वाफेचा भपका आला आणि छपरातून निघून गेला. धोंडस पातळ होतं. तिने झाकण ठेवलं, निखारे पुन्हा वर पसरले. एकदा बघितलं, आता झालं, असं स्वतःला सांगितलं. थोड्या वेळाने मघाशी नीट बघितलं नाही असं वाटून पुन्हा बघितलं.

तेवढ्यात गावकर आला. विळा कमरेला, नजर आभाळाकडे. "काय सरसू, झालं का?"

"होतंय, गावकर."

"माझं वरचं शेत पोपटांनी अर्धं संपवलं. बघू जरा." आणि त्याने झाकण उचललं. "छे. पातळ आहे अजून."

तो बाहेर पडला तर दारात सुतार. "गावकर बघून गेला म्हणे. काय म्हणतंय?" त्यानेही बघितलं. सुताराची बायको त्याला बोलवायला आली, आलेच आहे तर बघते म्हणाली. मग कोळ्याची म्हातारी आली. तिचं ना शेत ना बांध, पण सगळे बघतात तर आपणच का मागे राहायचं. शेवटी तर दाराबाहेर माणसांची रांग लागली. प्रत्येक जण आत जाऊन झाकण उचलायचा, 'पातळ आहे' असं म्हणून चुकचुकायचा आणि सरसूकडे असा बघायचा की जणू तिनेच मुद्दाम आत पाणी ओतलंय. रांगेतल्या एकाने तर एकदा बघितल्यावर पुन्हा मागे जाऊन नंबर लावला.

सरसू घाबरली. होत नाही म्हणजे आच कमी पडत असणार. तिने खालच्या निखाऱ्यांवर लाकडं सरकवली. फुंकणीने फुंकलं. वरचा जाळ काही वाढवता येईना, कारण वर निखारे टिकतच नव्हते, आले-गेले ते सगळे बाजूला करत होते.

सूर्य माथ्यावरून कलला तेव्हा तिला राहवेना. "करा काय ते," म्हणाली. टोप अंगणात आणला. गाव गोळा झालं. गावकराने विळा खुपसला आणि बाहेर काढला.

पात्याला चिखलासारखं पीठ लागलं होतं. पीठ तरी बरं, त्यात राखही होती. गावकराने विळा झटकला तर तो गोळा सुताराच्या धोतरावर जाऊन बसला. टोप कलता केला तर वरून ओघळ आला आणि तळाला कोळसा. मधे कुठेतरी दोन बोटं धोंडसासारखं काहीतरी होतं, पण ते कुणाच्या वाट्याला जाणार?

खाडीच्या तोंडावर ढग गुरगुरला.

"झाकण उघडलंस तू," आवडाकाकी म्हणाली.

"एकदाच," सरसू म्हणाली. मग मान खाली घालून म्हणाली, "दोनदा."

"मी तर एकदाच बघितलं," गावकर म्हणाला.

"मीपण एकदाच," सुतार म्हणाला.

"मी मेली एवढंसं उचललं होतं," कोळ्याची म्हातारी म्हणाली.

सगळ्या गावाने एकदाच उघडलं होतं. सगळ्या गावाचं ते एकदाच-एकदाच उघडणं वजा जाऊन जी काही आच उरली तेवढीच धोंडसाला मिळाली होती.

पण गावाला हे कोण सांगणार? आणि बोट दाखवायला सरसू समोर उभीच होती. "हिच्या हातून काही धड पुरं झालंय का कधी?" मागून कोणीतरी म्हणालं. "कोंबडीला विचारा." कोणी हसलं नाही. विळे पुन्हा खुंटीला लागणार होते आणि ढग रोज थोडा जवळ येत होता.

गावकराने विळा पानाने पुसला. "भोपळा उरलाय?"

"अर्धा आहे," सरसू म्हणाली.

"तांदूळ?"

तो मात्र सगळ्यांनी दिला होता, तळचा. लोक घरी गेले, कणग्या आडव्या पाडल्या, केरसुणीने झाडल्या. कुणाकडे ओंजळ निघाली, कुणाकडे नुसते चार दाणे आणि एक मुंगळा. सगळं मिळून एका टोपापुरता तांदूळ जेमतेम जमला.

"उद्या पुन्हा," गावकर म्हणाला. "सरसू, यापुढे गावात जुना दाणा नाही. हे गेलं तर भातही गेलं म्हणून समज."

धाकू खाली बसून टोपाच्या बुडाचा करपलेला पापुद्रा खरवडत होता. तोंडात टाकून म्हणाला, "हे चांगलं लागतंय गं." त्या दिवशी सरसूशी कुणी गोड बोललं ते एवढंच, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

वाया गेलेलं धोंडस लोकांनी तिच्या शेताच्या बांधावर नेऊन टाकलं. संध्याकाळी पोपटांचा थवा उतरला, गुळाच्या वासाने त्यावर तुटून पडला आणि सगळ्यांच्या चोची चिकटून बसल्या. दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत एकाही पोपटाला चकार शब्द काढता आला नाही, मग दाणा टिपायचं तर लांबच. भाताला त्यामुळे एक सकाळ मिळाली.

दुसऱ्या दिवशी सरसूने पुन्हा भोपळा किसला, रवा भाजला, गूळ वितळवला. टोप भरला. झाकण बसवलं. निखारे पसरले. आणि हात मागे घेऊन उभी राहिली.

"मी बसतो झाकणापाशी," धाकू म्हणाला. "मी उघडायचो नाही."

"तुम्ही उघडणार नाही हे खरं," सरसू म्हणाली. "पण आत कोळसा झाला तरी तुम्ही उघडणार नाही."

"तेही खरं," धाकूने कबूल केलं आणि चुलीजवळच्या भिंतीला टेकून बसला. बसला तो बसलाच. त्याचा श्वास लांब व्हायला लागला.

सरसू स्वयंपाकघरात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरायला लागली. आत काय चाललं असेल? आच जास्त झाली का? कमी पडली का? पान करपलं तर? आपण काहीच न बघता उभं राहणं म्हणजे निष्काळजीपणा नाही का? बघायचंच नाही तर डोळे कशाला दिले देवाने? चालता चालता तिला कळलंच नाही की चिमटा तिच्या हातात आला आहे. आणि चिमटा पहिल्या निखाऱ्याला लागलाही होता.

निखारा थोडासा सरकला. सरसूने आपल्या हाताकडे बघितलं. एखाद्या परक्याचा हात आपल्या डब्यात बघावा तसं बघितलं.

उघडलं तर क्षणभर जिवाला बरं वाटणार, हे तिला माहीत होतं. आणि लगेच पुन्हा वाटेनासं होणार, हेही तिला कालच्या दिवसाने शिकवलं होतं. पण हाताला काही केल्या रिकामं राहवत नव्हतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. गावकर होता. कमरेला विळा, नजर आभाळाकडे. मागे सुतार, त्यामागे त्याची बायको, रांग पुन्हा जमायला लागलेली.

"काय सरसू, झालं का? बघू."

सरसू झाकणाच्या आणि गावकराच्या मधे उभी राहिली. तिची नजर त्याच्या विळ्यावर गेली. "गावकर," ती म्हणाली, "विळा दाखवा."

"कशाला?"

"दाखवा तर." तिने पात्यावरून अंगठा फिरवला. "हा विळा? याने लोणी तरी कापलं जाईल का? कालचं पीठ अजून दात्यांत वाळलंय. आणि हा घेऊन तुम्ही शेतात जाणार?"

गावकर ओशाळला. मानकऱ्याचा विळा बोथट, आणि तेही सगळ्यांसमोर. "धार लावायची राहिली खरी. पण आधी धोंडस..."

"धोंडस आपलं आपण बघेल. चला अंगणात." तिने चिमटा खुंटीला टांगला, सहाणेचा मोठा दगड ओढत अंगणात आणला, पाणी शिंपडलं आणि घासायला बसली. खर्र, खर्र. पहिल्यांदाच तिच्या हाताला चांगली ओळखीची जागा सापडल्यासारखं झालं.

"सुतारकाका, तुमचा विळा?"

"माझा घरी आहे. मी आपलं सहज बघायला आलो होतो."

"घेऊन या. मूठ हलते त्याची, गेल्या वर्षी बघितलीय मी. वहिनी, तुम्ही नुसत्या काय उभ्या? त्या पेंढ्याचे बंध वळा. भारे बांधायला लागणार नाहीत?"

"आधी बघते जरा आत," सुताराची बायको म्हणाली.

"आत आमचे हे झोपलेत. त्यांना बघायचंय?"

लोक हसले, आणि हसणाऱ्या माणसाला काम सांगणं सोपं असतं. जो यायचा तो 'झालं का' म्हणत यायचा, आणि ओठावरचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याच्या हातात काहीतरी पडायचं. कुणाच्या हातात पेंढा, कुणाच्या हातात शेणाची बादली. कोळ्याची म्हातारी तर म्हणाली, "मला ना शेत ना बांध, मी कशाला?" तिला सरसूने फाटक्या टोपल्या विणायला बसवलं, कारण जाळी विणणाऱ्या हाताला टोपली काय जड?

सगळं गाव अस्वस्थच होतं. कुणाचं मन थाऱ्यावर नव्हतं. बंध वळता वळता माणसं मान वळवून दाराकडे बघत होती, खळं सारवता सारवता आभाळाकडे बघत होती. ढग आज लवकर उठला होता आणि कालच्यापेक्षा मोठा होता. वारा पडला. भाताची पाती हलायची थांबली. पोपटांच्या चोची सुटल्या होत्या आणि ते लांबून ओरडून कालचा सगळा राग एकदम काढत होते.

"सरसू, उशीर होतोय," गावकर म्हणाला.

"मग जोरात वळा," सरसू म्हणाली. तिची स्वतःची नजरही सारखी दाराकडे वळत होती. पण तिचा हात विळ्यावर फिरत होता, आणि जेवढी भीती जास्त तेवढी धार पक्की होत होती. एक विळा झाला की दुसरा. एवढ्या धारेचे विळे त्या गावाने पाहिले नव्हते. सुताराने आपल्या विळ्याचं पातं उन्हात धरलं तर उन्हाचे दोन तुकडे पडले, असं तो पुढे बरेच दिवस सांगायचा.

आणि मग हाक आली.

आवाज नव्हता तो. आधी हळदीच्या पानाचा वास आला, ओलसर, हिरवा. मग गुळाचा, कडेला जरा खरपूस झालेला. मग भोपळ्याचा, आणि सगळ्यांच्या मागून तुपाचा. दारातून निघून तो वास अंगणात आला, माणसांच्या मधून फिरला, कुंपणाबाहेर पडला. वळणाऱ्या हातांना आपोआप विसावा मिळाला. म्हशीने रवंथ थांबवला.

आत धाकूला झोपेतच वास आला. "झालं वाटतं," तो झोपेत म्हणाला, ओठ चाटले आणि कूस बदलून पुन्हा झोपला.

पण सरसू विळा टाकून केव्हाच आत धावली होती. दुसरी कुणी बाई तशी धावली नसती. चिमट्याने निखारे उडवले, टोप पदराने धरून आचेवरून बाजूला घेतला. आणखी थोडा उशीर झाला असता तर कडा काळ्या पडल्या असत्या. मग, सगळ्यात शेवटी, तिने झाकण उचललं.

त्या शरदातल्या दुपारचा सूर्यच कुणीतरी टोपात ठेवला होता म्हणा. वर एक बारीक सोनेरी भेग, कडा सुटलेल्या, पानाच्या शिरा अंगावर उठलेल्या.

टोप अंगणात आला. गावकराने आपला धारदार विळा मधोमध खुपसला. त्याने विळा बाहेर काढला, पातं उलटं केलं, सुलटं केलं.

कोरं. त्यात त्याला स्वतःच्या मिशा दिसल्या.

"उठा," गावकर म्हणाला.

पहिला तुकडा रीतीप्रमाणे शेताच्या बांधावर ठेवला. तो सरसूच्या बांधावर, कारण तिथलं भात आधी पिकलं होतं. बाकीचे तुकडे लोकांनी चालता चालताच खाल्ले. कोळ्याच्या म्हातारीने दोन घेतले, एक टोपल्यांचा म्हणून. आणि मग काय सांगू, त्या दिवशी जी कापणी झाली तशी कुठे झाली नसेल. एरवी पहिला अर्धा दिवस विळे घासण्यात, बंध शोधण्यात आणि खळ्यावरून भांडण्यात जातो. त्या दिवशी सगळं तयार होतं. विळा लागायच्या आधी भात आडवं होत होतं. भारा बांधायला हात मागे केला की हातात बंध.

ढग खाडी ओलांडून आला खरा. पण गावावर येऊन थबकला. लोक म्हणतात, त्यालाही वास लागला आणि तो वाकून बघायला लागला. बघण्याच्या नादात त्याने बरसायला जो उशीर केला, तेवढ्यात शेवटचा भारा उडवीवर, म्हणजे भाऱ्यांच्या गंजीवर, चढला आणि वर पेंढा पसरून झाला. मग तो फुटला. चांगला मुसळधार फुटला. पण शेतात भिजवायला नुसती धसकटं राहिली होती, तेव्हा बिचाऱ्याने गावातल्या पायवाटा धुतल्या आणि निघून गेला.

ओटीवर पाऊस बघत आवडाकाकी सरसूजवळ येऊन बसली. "काय गं, जीव शांत झाला का तुझा?"

"कुठला काकी," सरसू म्हणाली. "आतमध्ये नुसता कालवा चालला होता. आत्तासुद्धा वाटतंय, उडवी गळत तर नसेल ना. बघून येऊ का?"

"मग झाकण कसं नाही उघडलंस?"

सरसूने आपले हात पुढे केले. दगडावर घासून तळवे लाल झाले होते. "हे रिकामे नव्हते," ती म्हणाली.

धाकू तेवढ्यात उठून बाहेर आला, डोळे चोळत. अंगण रिकामं, उडव्या रचलेल्या, पाऊस पडून गेलेला. त्याने टोपात डोकावून बघितलं. "संपलं? आणि खालचा करपलेला पापुद्रा?"

"आज करपलंच नाही," सरसू म्हणाली आणि पदराखाली झाकून ठेवलेला कडेचा तुकडा त्याच्या हातात दिला.

कोंबडीचं विचाराल तर पुढच्या वेळी ती अंड्यांवर बसली, तेव्हा सरसूने तिच्याजवळच बसून गावातल्या सगळ्या फाटक्या गोधड्या शिवून काढल्या. कोंबडीने सवयीने एक-दोनदा उभं राहून बघितलं. कुणी डोकावत नाही म्हटल्यावर तीच जरा अस्वस्थ झाली, असं म्हणतात. पण पिल्लं सगळी निघाली.

तात्पर्य एवढंच: जे आचेवर आहे त्याला आपली नजर नव्हे, वेळ द्यावा, आणि जिवाला चैन पडत नसेल तर झाकण उचलू नये, हाताला दुसरं काम द्यावं.